घरीच तर आहे

भोईटेअण्णांनी नोटीस बोर्डावरचा कागद मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीलाच त्यांचा आवाज बसला.

"'...सबब, घरून काम करण्याची सवलत या आदेशान्वये रद्द करण्यात येत असून सर्व कर्मचाऱ्यांनी सोमवारपासून पूर्ण वेळ कार्यालयात...' आयला!"

'आयला' आदेशात नव्हतं, ते अण्णांचं स्वतःचं होतं.

बोर्डापुढं सगळं ऑफिस जमलं होतं. मुलाणींनी विचारलं, "सोमवार म्हंजे हाच सोमवार?"

"न्हाई, पुढल्या वर्षीचा," अण्णा खेकसले. "वाचता येतंय न्हवं तुम्हाला?"

मी सगळ्यांच्या मागं उभी होते, ओढणी तोंडाशी धरून. शेजारच्या साबळेबाईंना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे गं, होईल काहीतरी," म्हणाल्या. मी आणखी खाली मान घातली, कारण मला हसू आवरत नव्हतं. इतका आनंद मला प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

आमचं ऑफिस साताऱ्यात. खातं कुठलं ते सांगत नाही, मला अजून तिथूनच पेन्शन घ्यायची आहे. कोरोनात सगळ्यांसारखे आम्हीही घरी बसलो. कोरोना सरला, लोक कामाला लागले, पण आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्याची दुरुस्ती निघाली आणि बसायला जागा नाही म्हणून आठवड्यातले तीन दिवस घरून काम ही सोय तशीच राहिली. दुरुस्ती सरकारी होती. त्यामुळं ती सोय कायमचीच, असं धरून माणसांनी आपापले संसार लावून घेतले. भोईटेअण्णा आमच्या संघटनेचे अध्यक्ष, त्यांनी गावाकडं दोन म्हशी घेतल्या. ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हैस हंबरली की अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "नेटवर्कचा आवाज आहे साहेब." मुलाणींचा कॅमेरा दुपारच्या जेवणानंतर कधी चालला नाही. आणि मग धुमाळ मॅडम बदलून आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात जिना चढून वरचा मजला स्वतः पाहिला, तिथं रंगाचे दोन डबे सोडून काही नाही हे बघितलं, आणि आदेश काढला.

आता माझं सांगते.

मी राहायला कराडला. घरात मी, माझे मिस्टर शिरीष, त्यांचं हार्डवेअरचं दुकान, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्यांचं फक्त एक ठाम मत होतं की जे माणूस डोळ्यांसमोर बसलंय ते मोकळंच आहे.

"उर्मिला, एवढा लसूण सोल गं. घरीच तर आहेस."

हे वाक्य हळूहळू आळीभर झालं. शेजारणीचं पार्सल आमच्याकडं, कारण उर्मिला घरीच तर आहे. नणंदेचा मुलगा सुट्टीत आमच्याकडं. गॅसवाला, पाण्याचा जारवाला, वर्गणीवाला, सगळ्यांना उर्मिला घरीच सापडायची. शिरीष दुकानातून फोन करायचे, "जरा चावी आणून दे ना, तू घरीच तर आहेस." एकदा आधीच्या साहेबांसमोर मी ऑनलाइन आढावा देत होते, तर सासूबाई थेट कॅमेऱ्यात आल्या आणि ताट पुढं करून म्हणाल्या, "ही बघ, समदी भेंडी किडकी निघाली." साहेब बिचारे सभ्य. म्हणाले, "बदलून घ्या, जगदाळे, आम्ही थांबतो."

उरलेले दोन दिवस मी साताऱ्याला जायचे. यष्टीत खिडकीपाशी बसलं की तासभर मला कोणी हाक मारायचं नाही. ऑफिसात माझं टेबल होतं आणि त्यावर मी ठेवलेलं पेन संध्याकाळपर्यंत तिथंच असायचं. कॅन्टीनचा चहा पाणचट असायचा, पण तो दुसऱ्या कुणीतरी केलेला असायचा. त्या दोन दिवसांवर मी आठवडा काढत होते, आणि आता मॅडमनी पाचही दिवस माझ्या पदरात टाकले होते. असल्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसतो?

पण त्याच संध्याकाळी संघटनेची बैठक भरली आणि अण्णांनी माझ्याकडं बोट केलं.

"शिष्टमंडळातर्फे जगदाळेताई बोलतील."

"मी? अण्णा, मला नाही जमणार."

"तुम्हालाच जमणार. मी गेलो तर म्हशी निघणार, मुलाणी गेले तर झोप निघणार. तुमचं कसं, लहान पोर हाय, म्हातारी सासू हाय, कराडवरनं रोजची ये-जा. शिवाय मॅडमपण बाई हायत. बाईचं दुःख बाईला कळतं."

सगळ्यांनी माना डोलवल्या. नाही म्हणायला माझ्यापाशी एकच कारण होतं आणि ते तिथं सांगायची सोय नव्हती. मी होकार दिला. मनात मात्र हिशेब बांधला की जायचं आणि हरून यायचं. घरून काम करताना कामाची कशी वाट लागते तेच मॅडमना रंगवून सांगायचं. मॅडम म्हणतील, बघा, म्हणूनच बंद केलं. मीही तोंड पाडून बाहेर येईन.

धुमाळ मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं केबिनमध्ये गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला बसा म्हटलं आणि मला म्हणाल्या, "बोला."

मी बोलले. देवाशपथ, आयुष्यात इतकं मोकळं मी कधी बोलले नव्हते. लसूण सांगितला, भेंडी सांगितली. मांडीवर पोरगी, एका हातानं टायपिंग, मधेच कुकर, मधेच पाहुणे. "मॅडम, एक टिपणी लिहायला बसले तर चारदा उठावं लागतं. लाइट जाते, नेट जातं, आणि दोन्ही असलं तर पाहुणे येतात. घरात बाईला कामच करू देत नाहीत हो!" बोलता बोलता माझा आवाज भरून आला. ते मात्र ठरवलेलं नव्हतं.

माझ्या शेजारी मुलाणींनी रुमाल काढला. अण्णांनी टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावून 'वाहवा' केली.

मॅडमनी पुढ्यातली फाइल उघडली. "आणि तरी गेल्या वर्षात सगळ्यांत जास्त प्रकरणं तुम्हीच निकाली काढलेली दिसतात, जगदाळे. ती कधी केलीत?"

"घरातले झोपल्यावर," मी बोलून गेले. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

मॅडमनी फाइल मिटली. मग त्यांनी चष्मा काढला. "आदेश मागं घेता येणार नाही. बाकीच्यांनी सोमवारी हजर व्हायचं. मात्र जगदाळेंची अडचण खरी आहे. विशेष बाब म्हणून त्यांना पाचही दिवस घरून काम करायला परवानगी देते."

"पाचही?" माझा आवाज चिरकला.

"आभार मानायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर अण्णांनी माझा हात हातात घेतला. आपल्या म्हशी बुडाल्या तरी एका भगिनीचं भलं झालं, असं काहीतरी ते म्हणाले. त्यांनी तिथूनच शिरीषना फोन लावला आणि अभिनंदन केलं. मी नको नको म्हणेपर्यंत बातमी माझ्याआधी कराडला पोचली होती.

दारात सासूबाई शिऱ्याची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"ये बाई माझी! देवानं ऐकलं. मी लगेच शेवंताला सांगून टाकलं, पहिल्या तारखेपासनं भांड्याला येऊ नगंस म्हणून. आता तू असतीयास की दिवसभर. आणि विट्याची मावशी येतीया राहायला. गुडघ्याचं आपरेशन झालंय, तिला उठाय-बसाय माणूस लागतंय."

"किती दिवस, आई?"

"बरं वाटंस्तवर."

आतून शिरीष म्हणाले, "आता मला दुपारचा डबा दुकानात गरम आणून देत जा. लांब थोडंच आहे!"

शिरा चांगला झाला होता. पण प्रत्येक घासाला चार भिंती माझ्याभोवती एकेक पाऊल पुढं सरकतायत असं वाटत होतं. शनिवार-रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत.

सोमवारी सकाळी मी साडी नेसून, पर्स घेऊन बाहेर आले तेव्हा सासूबाई मावशीसाठी गादी उन्हात घालत होत्या.

"कुठं निघालीस?"

"ऑफिसला. आई, सूट रद्द झाली. आत्ताच मॅडमचा मेसेज आला."

मी इतकं सरळ खोटं बोलले की मलाच नवल वाटलं. सासूबाई गादी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"दिल्याली सूट कोण माघारी घेतं?"

"साहेब लोक घेतात."

"बाई हाय का कोण हाय ती?" म्हणून त्या ज्या सुरू झाल्या, त्या मी कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होत्या. मी यष्टीत खिडकीपाशी बसले आणि साताऱ्यापर्यंत एकटीच हसत गेले. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं.

ऑफिसात मला बघून सगळे उठून उभे राहिले. मी घाईनं म्हणाले, "सगळे इथं असताना मी एकटी घरी कशी राहू?" दुसरं काही सुचलंच नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथं भाषण ठोकलं. हातातली सवलत सहकाऱ्यांसाठी लाथाडणारी अशी रणरागिणी आपल्या संघटनेत आहे, वगैरे. साबळेबाईंनी आपल्या वेणीतला गजरा काढून मला दिला.

"अण्णा, घरी मात्र फोन करू नका. त्यांना यातलं काही माहीत नाही."

"कळलं ताई," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "त्याग असा गुपचूपच करायचा असतो."

एक मॅडमच तेवढ्या फसत नव्हत्या. सोमवारी माझ्या टेबलापाशी थांबल्या. "तुम्ही इथं कशा?"

"घरचं नेट गेलंय, मॅडम."

मंगळवारी पुन्हा आल्या. "नेट?"

"केबल तुटलीय."

बुधवारी मी म्हटलं की कुठं तुटलीय ते शोधतायत. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग टेबलावरच्या वाफाळत्या चहाकडं बघितलं, आणि आपल्या केबिनकडं वळल्या. मी मनात म्हटलं, आणखी एक आठवडा निभावलं की विशेष बाब आपोआप विसरली जाईल. सरकारात तसंच होतं.

गुरुवारी दुपारी कॉरिडॉरमधून ओळखीचा आवाज आला.

"कुठं बसती तुमची साहेबीण?"

माझ्या हातातला शिक्का खाली पडला. सासूबाई! ठेवणीतलं लुगडं, हातात स्टीलचा मोठा डबा, आणि कराड ते सातारा एकट्या यष्टीनं आलेल्या. शिपाई आडवा गेला तर त्यांनी त्याला डब्यानंच बाजूला सारलं.

"आई! तुम्ही इथं कशाला आलात?"

"तू गप ऱ्हा. तुला बोलता येत न्हाई म्हणून तर ही वेळ आली."

मी त्यांचा हात धरेपर्यंत त्या केबिनमध्ये शिरल्या होत्या. मी मागोमाग गेले. दुसरं करणार काय? आता दोन वाक्यांत सगळं उघडं पडणार होतं. मग ती पाच दिवसांची सूट, ते घर, ती मावशी आणि मी. त्याहून वाईट म्हणजे सासूबाईंना कळणार होतं की त्यांच्याजवळ राहायला लागू नये म्हणून मी खोटं बोलले.

मॅडमनी वर बघितलं. सासूबाईंनी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"करंज्या हायत. लाच न्हाई, घरच्या हायत. मी उर्मिलाची सासू."

"बसा ना. काय काम काढलंत?"

सासूबाई बसल्या नाहीत. "मॅडम, मी अडाणी बाई. पण तुम्ही माझ्या सुनंची सूट काढून घेतली, हे काय बरं केलं न्हाई."

"सूट? मी तर—"

मॅडम थांबल्या. त्यांची नजर सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्यावर आली. मी दाराला टेकून उभी होते.

सासूबाई बोलतच होत्या. "ती घरात असली का घर भरल्यागत वाटतंय हो. पोरगा दुकानात, नात शाळंत. दिवसभर भिंतींशी बोलायचं का मी? ती नुसती तिथं बसून त्या मशीनवर टकटक करीत असली तरी बरं वाटतं. तिला मी कामाला लावते, खरं हाय. पण ते निमित्त वो. कामाशिवाय हाक कशी मारायची सुनंला?"

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. वाटलं, पुढं जावं, त्यांचा हात धरावा आणि म्हणावं, चला आई, घरी जाऊ. एक पाऊल मी खरंच पुढं टाकलं.

आणि मग मला ती उन्हात घातलेली गादी आठवली. मी जिथल्या तिथं थांबले. मॅडमकडं बघत मी मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणताना हलवतात तशी.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"हो," त्या म्हणाल्या. "रद्द केली मी."

"पर का?"

"वरून आदेश आहेत, आजी."

"वरून म्हंजे कुणाचे?"

"वरून म्हणजे..." मॅडमनी पंख्याकडं बोट केलं. "वरूनच."

सासूबाईंनीही पंख्याकडं बघितलं. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "मग तुमच्याबी हातात काय न्हाई म्हणा की."

"काही नाही. पण एक सांगते. शनिवारी-रविवारी हिला कुठलं काम सांगू नका, नुसती हाक मारा. येते की नाही बघा."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. मी मान डोलावली.

"आणि शेवंताला परत बोलवा," मी कसंबसं म्हटलं.

"बोलावती की. मावशीला पण लेकीकडं जा म्हणती." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "भाईर बसती मी. पाणी प्यायचंय."

त्या बाहेर गेल्या. मीही निघाले, तर मॅडम म्हणाल्या, "थांबा जगदाळे. तुमची केबल कुठं तुटलीय ते सापडलं मला."

मी उभीच राहिले. "मॅडम, मी चुकले. पण घरी कसं सांगणार होते? मला घरी राहायचं नाही असं सून म्हणून तोंडानं म्हणता येतं का? तुमच्या नावावर खपवलं. तुम्ही कडक, तुम्ही सोडत नाही, असं म्हटलं की कुणी काही बोलत नाही."

"बसा."

मी बसले. मॅडमनी डब्याचं झाकण उघडलं, एक करंजी घेतली आणि डबा माझ्याकडं सरकवला.

"माझ्याकडे सासरे आहेत. त्यांना तासातासाला चहा लागतो, आणि तो माझ्याच हातचा लागतो. नणंद आहे, तिला माझ्याशिवाय करमत नाही. सगळी माणसं चांगली आहेत." त्यांनी 'चांगली' हा शब्द सासुरवाशीण म्हणते तसा म्हटला. "इथं बदलून आले, वाटलं आता रोज ऑफिस. तर घरचे म्हणाले, तुझं ऑफिस तर आठवड्यात तीन दिवस रिकामं, तू जाऊन कुणावर साहेबगिरी करणार? तूही घरूनच कर. बरोबरच होतं त्यांचं. काय सांगणार मी त्यांना?"

माझी करंजी हातातच राहिली. "म्हणजे, मॅडम, तो आदेश... आमच्या भोईटेअण्णांच्या म्हशी, मुलाणींची झोप..."

"तुमचं बरं आहे, जगदाळे. तुमची सूट रद्द करायला तुम्हाला एक धुमाळ मॅडम आहे. मी इथली सगळ्यांत वरची, मला कोण आहे? म्हणून मग सगळ्यांचीच केली."

एवढ्यात बाहेर गलका झाला. सूट मॅडमनीच काढून घेतली, असं सासूबाईंनी अण्णांना सांगितलं असणार. आमच्या वाघिणीवर सूड उगवला, असा अण्णांनी त्याचा अर्थ लावला असणार. कारण बाहेरून घोषणा सुरू झाल्या, "जगदाळेताईंना न्याय मिळालाच पाहिजे!" आणि 'मिळालाच पाहिजे' मधला सगळ्यांत मोठा आवाज माझ्या सासूबाईंचा होता.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "जाऊन सांगायचं का त्यांना?"

"नको, मॅडम," मी म्हटलं. उठून दाराला आतून कडी घातली, आणि आम्ही दोघींनी डबा रिकामा केला.